‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या वाचकांसाठी

नमस्कार,
शिल्पकार लुचियानो गारबातीच्या मेड्यूसाच्या पुतळ्यावरच्या माझ्या लेखाखाली (ग्रीक पुराणात केसांच्या जागी साप असलेल्या मेड्यूसाचं डोकं पर्सियस हा वीर कापतो, गारबातीने उलट त्याचं डोकं तिच्या हातात दिलंय) आपण लिहिलंत की तिच्या हातात पर्सियसचं नाही तर समुद्रदेव पोसायडनचं मुंडकं हवं होतं, पुरुषाने घडवलेली मेड्यूसा बायकांचं प्रतीक कशी काय, आणि वर "फोटो बघून ब्राँझवर लिहिणाऱ्यांनी आधी अभ्यास वाढवावा." लेख लांबला हे मान्य, फोटोही अंधुक होता. पण ही काय बोलायची पद्धत झाली?

ब्राँझचं म्हणताय ना, तर माझे वडील कोल्हापुरात फाउंड्रीत मोल्डर होते. सुट्टीत डबा द्यायला गेले की दारातून ओतकाम बघायचे मी, रस जरा जरी थंडावला तर साच्याच्या कोपऱ्यात पोचायचा नाही आणि अख्खा पीस भंगारात, त्या संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. हो, ते बीड होतं, ब्राँझ नव्हे, लगेच पकडू नका! पण फ्लोरेन्सचा पर्सियसचा जुना ब्राँझ पुतळा ओतताना भट्टीतला रस गोठायला लागला तेव्हा त्याचा शिल्पकार चेल्लिनीने घरातली कथलाची ताटं-वाट्या आत टाकली, असं त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय, ते का टाकली हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. कथील वाढलं की रस वाहता होतो.

१५५४ साली लोकांसमोर आलेल्या त्या पुतळ्यात मेड्यूसाच्या मानेतून लोंबणारं रक्तसुद्धा ब्राँझचंच आहे, आणि पर्सियस तिचं डोकं उंच धरून चौकाला दाखवतोय. गारबातीची सात फुटी मेड्यूसा ऑक्टोबर २०२० मध्ये मॅनहॅटनच्या फौजदारी कोर्टासमोरच्या पार्कात उभी राहिली, तिने डोकं खाली मांडीजवळ धरलंय, मिरवत नाहीये. मी लिहिलं होतं ते एवढंच. हे फोटोत दिसतं हो, त्याला विमानाचं तिकीट लागत नाही.

राहिला पोसायडन. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत मेड्यूसावर अत्याचार त्याने केला, बरोबर, पण ती झोपलेली असताना मान कापायला आला पर्सियस, आणि गारबातीला चेल्लिनीचाच प्रसंग उलटा करायचा होता, मग डोकं कोणाचं असणार? पुरुष शिल्पकाराचा मुद्दा न्यूयॉर्कमध्ये तेव्हाच चघळून झालाय, मला त्यात पडायचं नाही.

आणि तुमच्या कमेंटखाली नावाच्या जागी नुसतं टिंब आहे. दुसऱ्याचा अभ्यास काढायचा तर निदान स्वतःचं नाव तरी टाका, पुढची बिननावाची कमेंट मी अप्रूव्ह करणार नाही.