१.४ टक्के आणि सातबाऱ्यावरचं एक नाव

अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दलचा एक मजकूर इंग्रजीत बरीच वर्षं फिरतोय. आता तो मराठीतही आला. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर चुलतभावाने टाकला, तोही थेट न्यू जर्सीहून. मजकुराचा सारांश असा: "१८६०च्या जनगणनेनुसार अमेरिकेत फक्त १.४ टक्के लोकांकडे गुलाम होते. बाकीचे साधे शेतकरी, स्वतः राबणारे. जुन्या जनगणनेची पानं उघडून बघा, शेतकऱ्याच्या घरात नवरा, बायको आणि पोरं दिसतील, गुलाम दिसणार नाही. शिवाय काळ्यांकडेही गुलाम होतेच. आणि यादवी युद्धानंतर गुलाम सुटले, मालक कफल्लक झाले, म्हणजे त्यांच्या वंशजांना मिळालं काय?"

खाली तीन अंगठे आणि काकांचा शेरा, "नवीन माहिती मिळाली." मला या विषयाचा नाद आहे. तिथल्या जुन्या खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची, पानं स्कॅन होऊन फुकट बघायला मिळतात, आणि रात्री जेवणं आटोपली की मी ती चाळत बसतो. त्यामुळे गप्प बसवेना.

आधी तो आकडा. तो खोटा नाही, हीच गंमत आहे. १८६० साली देशाची लोकसंख्या ३,१४,४३,३२१ होती आणि त्यात गुलाम ३९,५३,७६०. मालक म्हणून मोजलेली माणसं सुमारे ३ लाख ९४ हजार. एकूण लोकसंख्येतून गुलाम वजा केले की पावणेतीन कोटी स्वतंत्र माणसं उरतात. भागाकार केला की १.४ येतं.

पण भागलं कशाने, ते बघा. त्या पावणेतीन कोटींत मॅसॅच्युसेट्स आणि ओहायोची माणसं आहेत, जिथे गुलाम ठेवायला कायद्याने बंदीच होती. पाळण्यातली बाळं आहेत. मालकाची बायको आहे, त्याच्याच छपराखाली राहणारे मुलगे आणि मुली आहेत. आता आपल्याकडचं घर घ्या. सातबाऱ्यावर एकट्या आजोबांचं नाव. घरात आजी, मुलगे, सुना आणि नातवंडं धरून चौदा माणसं. या हिशेबाने त्या घरातल्या सात टक्के लोकांकडेच जमीन आहे, उरलेले तेराजण भूमिहीन! असं कुणी तलाठ्याला सांगून बघावं.

घर हे माप धरलं की चित्र पालटतं. मिसिसिपीत ६३,०१५ कुटुंबं आणि ३०,९४३ मालक, म्हणजे शंभर घरांमागे ४९. दक्षिण कॅरोलायनात ४६. व्हर्जिनियात २,०१,५२३ कुटुंबांमागे ५२,१२८ मालक, म्हणजे चारात एक. गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या ११ राज्यांची सरासरी ३१च्या आसपास. न फुटलेल्या डेलावेअरमध्ये मात्र जेमतेम ३. एका घरात दोन मालक असायचे, विधवा आई आणि मुलगा वगैरे, म्हणून या आकड्यांना थोडी कात्री लावावी लागेल, हे मान्य. पण कितीही कातरलं तरी ४९चे १.४ होत नाहीत.

मालकांचा आकडा तरी कितपत पक्का? १८५०च्या खानेसुमारीत प्रगणकांना दिलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटलं होतं की गुलाम ज्याच्या घरी किंवा मळ्यावर कामाला सापडेल त्यालाच मालक समजा, कारण मुख्य उद्देश गुलामांची संख्या मिळवणं हा आहे, मालकांची नव्हे. कारण उघड होतं. प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, राज्यांच्या जागा ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरली जात, म्हणून गुलामांची बेरीज चोख हवी होती. मालकांच्या बेरजेवर काहीच अडलेलं नव्हतं. ज्या मोजणीने दहाच वर्षं आधी "मालक मोजणं हा आमचा हेतू नाही" असं सांगितलं, तिच्याच पुढच्या फेरीतून मालकांची टक्केवारी दशांश चिन्हासकट काढायची म्हणजे कमालच आहे.

आता माझ्या आवडीचा मुद्दा: "पान उघडून बघा, गुलाम दिसणार नाही."

खरं आहे, त्या पानावर दिसत नाही. कारण तो त्या पानावर लिहायचाच नव्हता. १७९० ते १८४० पर्यंतच्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे आणि बाकीचे सगळे, गुलामांसह, त्याच ओळीत आकड्यांनी मांडलेले असत. १८५० पासून पद्धत बदलली. प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायचं ठरलं आणि त्यासाठी पहिला तक्ता झाला. गुलामांसाठी दुसरा, वेगळा तक्ता. त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली ओळीने वय, लिंग, रंग. रंगाचं एक अक्षर: काळा असेल तर 'बी', मिश्र वंशाचा असेल तर 'एम'. पळून गेलेले किती, मुक्त केलेले किती, आंधळा-बहिरा कुणी आहे का, यांचे रकाने. १८६० मध्ये गुलामांच्या खोपटांची संख्याही आली. नावाचा रकाना मात्र नाही. एखाद्या काउंटीतल्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) प्रगणकाने नावं लिहिली असतील तर तो अपवाद.

म्हणून एखाद्या शेतकऱ्याचा माग काढायचा तर एकट्या पहिल्या तक्त्यावर थांबून चालत नाही. तिथून कुटुंबाची माणसं आणि वयं टिपायची. १८६०च्या पानावर आणखी दोन रकाने असतात, स्थावर मालमत्ता आणि जंगम मालमत्ता. जंगम आकडा जमिनीच्या किमतीपेक्षाही फुगलेला दिसला की माझे कान टवकारतात, कारण दोन घोडे, चार गायी आणि नांगर यांची तेवढी किंमत होत नाही. गुलाम हे जंगमात मोडत. मग चौथा तक्ता, शेतीचा: लागवडीखाली किती एकर, तंबाखू किती पौंड. घरात कमावते पुरुष दोन आणि तंबाखू दहाजणांच्या राबण्याइतका, तर बाकीचे हात कुणाचे? मग दुसरा तक्ता उघडायचा. तिथेही नाव नसेल तर सासऱ्याच्या नावाखाली बघायचं, मेलेल्या बापाच्या इस्टेटीखाली, अज्ञान वारसांच्या पालकाखाली. भाड्याने आणलेला गुलाम असेल तर आणखी गुंता. जुनी फेरफार नोंद शोधताना चुलत्यांच्या गटांतून हिंडावं लागतं ना, तसंच.

एक खरं घर घेऊ. व्हर्जिनियातली फ्रँकलिन काउंटी, जेम्स बरोज नावाचा तंबाखू पिकवणारा शेतकरी, जमीन २०७ एकर. मोठा जमीनदार अजिबात नाही. घर ओंडक्यांचं, स्वतः आणि मुलगेही रानात उतरणारे. म्हणजे मजकुरातला "साधा, स्वतः राबणारा शेतकरी" तो हाच. १८६१ मध्ये बरोज वारला आणि त्याच्या मालमत्तेची मोजदाद झाली. त्या यादीत माणसं आहेत, आणि त्यांतली एक नोंद अशी: बुकर, मुलगा, ४०० डॉलर. हाच पुढे बुकर टी. वॉशिंग्टन हा नामवंत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ झाला, १८८१ पासून टस्कीगी ही कृष्णवर्णीयांसाठीची शिक्षणसंस्था उभारणारा. आपला जन्म १८५८ किंवा १८५९चा असावा, असं त्याने मोठेपणी लिहिलं. आज १८५६ धरतात. आपण कधी जन्मलो हे त्याला नक्की ठाऊक नव्हतं. खानेसुमारीच्या तक्त्यात नावाचा रकाना नव्हता. मोजदादीच्या यादीत नाव आलं, कारण तिथे समोर किंमत मांडायची होती.

आणि उलटा, म्हणजे मुक्त झालेल्या माणसापासून मागे जात, माग काढणाऱ्याची पंचाईत बघा. १८७०ची खानेसुमारी ही मुक्त झालेल्यांची नावं सरसकट लिहिणारी पहिली. तिच्याआधी भिंत. तिथे पोचलेला संशोधक बुकरला बरोज आडनावाखाली शोधत बसला तर जन्म जाईल, कारण वॉशिंग्टन हे आडनाव त्याने शाळेत हजेरी घेताना स्वतःच सांगितलं होतं. मुक्त झालेल्या सगळ्यांनी मालकाचंच आडनाव लावलं, हा आणखी एक गोड समज.

बरोजसारखे अपवादाने असत का? नाही. निम्म्या मालकांकडे पाचांहून कमी गुलाम होते. वीस किंवा जास्त असले तरच 'प्लँटर', म्हणजे मोठा मळेवाला, म्हणायचं अशी इतिहासकारांची ढोबळ रेघ आहे, आणि तिच्या वर आठांत एखादाच मालक बसतो. बाकीच्या अनेकांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'शेतकरी' असंच लिहिलेलं आढळतं. तेव्हा "शेतकरी होते, मालक नव्हते" यात शेतकरी आणि मालक असे दोन वेगळे गट धरलेत, ते गृहीतच चुकीचं आहे.

"काळ्यांकडेही गुलाम होते." होते, थोडे. १८३०च्या नोंदी चाळून कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने असे पावणेचार हजारांच्या आसपास मालक मोजले. त्यांत कित्येकांनी आपलीच बायको, आपलीच मुलं विकत घेतलेली. व्हर्जिनियात १८०६च्या कायद्याने मुक्त झालेल्याला वर्षाच्या आत राज्य सोडावं लागे, म्हणून नवरा बायकोला विकत घेई आणि कागदावर गुलामच ठेवी. काही जण खरेखुरे धंदेवाईक मालकही होते, ते लपवायचं कारण नाही. पण त्यांनी चाळीस लाखांच्या हिशेबात फरक पडत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, कफल्लक झाल्याचा. १८६० आणि १८७०ची पानं शेजारी ठेवली की जंगम मालमत्तेचा आकडा कोसळलेला दिसतो, यात वाद नाही. मजकूर लिहिणारा १८७० वर थांबला. फिलिप अ‍ॅगर, लिआ बूस्टन आणि कॅथरिन एरिक्सन हे अर्थतज्ज्ञ थांबले नाहीत. त्यांनी हीच घरं पुढच्या खानेसुमाऱ्यांत पिढी दर पिढी शोधली. जास्त गुलाम बाळगणाऱ्यांचं युद्धात नुकसान जास्त झालं, पण त्यांच्या मुलांनी १९०० पर्यंत जवळजवळ सगळं अंतर भरून काढलं आणि नातू १९४० पर्यंत पूर्ण बरोबरीला आले. त्यामागे वडलांकडून आलेल्या कौशल्यापेक्षा सोयरिकी आणि बड्या घराण्यांशी असलेले संबंध जास्त असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. सोयरिकीचा भाग आपल्याला कुणी वेगळा समजवायला नको.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं तर कोण वाचणार? मी फक्त आमच्या गावच्या सातबाऱ्याचा फोटो टाकला, आजोबांच्या नावाचा, आणि चुलतभावाला विचारलं की यात आपण दोघं किती टक्के येतो.

अर्ध्या तासाने उत्तर आलं, "अरे हो, वारसनोंद राहिलीच आहे ना आपली. दिवाळीत आलो की तलाठ्याकडे जाऊ."