हुरडा ट्रेमधून येत नसतो

आज रविवार. सोलापूरपासून अर्ध्या तासावरच्या एका शेतात 'हुरडा पार्टी' होती. नाव लिहीत नाही, कारण असं करणारे ते एकटेच नाहीत. माणशी पैसे आधीच भरून घेतलेले, आंब्याखाली मोठे स्पीकर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि टेबलावर स्टीलच्या ट्रेमधून हुरडा आला. गार. वर बटर, चाट मसाला, बारीक चिरलेला कांदा. दाणे इतके ओले की चमच्याला चिकटत होते. आणि पन्नास पावलांवर ज्वारी उभी! त्या ज्वारीपुढे फुलांची चौकट लावून फोटो काढायची सोय केलेली. दिवसभरात त्यातलं एक कणीस कुणी मोडलं नाही.

शेजारच्या टेबलावर सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. तिनं आईला विचारलं, "हे मक्याचे दाणे आहेत का गं?" आई म्हणाली, "हुरडा आहे, खा." पोरगी म्हणाली, "हो, पण हुरडा कशाचा असतो?" तेवढ्यात आईचा फोन वाजला आणि ते तिथंच राहिलं.

सोलापूरचं लेकरू, ज्वारीच्या रानात बसून, विचारतंय हुरडा कशाचा. चूक तिची अजिबात नाही. तिच्यापुढे जे ठेवलं होतं त्यावरून आपल्यालाही ओळखता आलं नसतं.

म्हणून लिहितोय. लांब होईल, पण आज होऊ दे.

हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा, कणसातच निखाऱ्यावर भाजलेला. पहिली गोष्ट कणसाची. ज्वारीच्या कणसात दाणा आधी चिकात असतो, मग हुरड्यात येतो, मग निबर होतो. मधला काळ चार-सहा दिवसांचा, थंडी चांगली असेल तर फार तर आठवड्याचा. ओळखायला नख पुरे. दाणा नखानं दाबला आणि पातळ दूध उडालं तर अजून कोवळा आहे, भाजल्यावर नुसतं टरफल हातात येईल. दाबल्यावर घट्ट, मऊ, खव्यासारखा गर बाहेर आला तर नेमका आहे. नख रुतलंच नाही किंवा आत कोरडं पीठ दिसलं तर उशीर झाला, ते कणीस आता भाकरीसाठी सोडा. दाणा बघायचा तो कणसाच्या मधला. शेंड्याचा नको, बुडाचाही नको. ज्वारीचा फुलोरा शेंड्याकडून खाली सरकतो, म्हणून शेंड्याचे दाणे पुढे असतात आणि बुडाचे मागे. मधला बरोबर असेल तर दोन्हीकडचे खपून जातात. शेंड्याचा दाणा चाखून 'झालाय' म्हणणारे निम्मं कणीस कोवळं भाजतात आणि मग वाणाला नावं ठेवतात.

वाण मात्र महत्त्वाचा आहेच. हुरड्याची ज्वारी वेगळी. गुळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुनी नावं अजून चार जाणती माणसं घेतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी काढलेला फुले उत्तरा आहे. या वाणांचा दाणा गोड असतो आणि भाजल्यावर तुसातून पटकन सुटतो. आपली मालदांडी ही भाकरीची ज्वारी. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली एम ३५-१ हीसुद्धा मालदांडीच, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही या मालदांडीमुळेच. तिची भाकरी तिसऱ्या दिवशीही खावी. पण तिचा हुरडा चोळताना तूस दाण्याला धरून बसतं, हात सोलून निघतात. मान्य करतो, नेमक्या दिवशी काढलेली आणि नीट भाजलेली मालदांडीसुद्धा वाईट लागत नाही. पण महिनाभर हुरडा विकायचा असेल तर गुळभेंडीचे सात-आठ वाफे चार-पाच दिवसांच्या अंतरानं पेरायला काय हरकत आहे? सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत मागं-पुढं पेरलं की डिसेंबरअखेरपासून सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा संपेपर्यंत रोज कुठला तरी वाफा हुरड्यात असतो. एवढं नियोजन केलं की फ्रीजरची गरजच पडत नाही. आज तिथं उभी होती ती ज्वारी तर निबर होऊन पंधरा दिवस झालेले. ट्रेमधला माल बाहेरून आणलेला होता, हे त्यांनीच सांगितलं.

आता आगटी, म्हणजे कणसं भाजायचा निखाऱ्यांचा खड्डा. इथंच सगळं असतं, आणि आज इथंच काहीच नव्हतं.

जमिनीत वीतभर खोल, दीड-दोन फूट रुंद खड्डा घ्यायचा. वारा येतो त्या बाजूला एखादा दगड किंवा ढेकळं लावायची. त्यात गोवऱ्या रचायच्या, सपाट टाकायच्या नाहीत. एकमेकींना टेकवून उभ्या लावायच्या, मध्ये हवेला वाट ठेवायची. पेटवायला तुराट्या, पाचट, वाळलेली पानं. रॉकेल नको. तो वास निखाऱ्यात बराच वेळ राहतो आणि पहिली दोन घाणी कणसं वाया जातात. गोवरी पूर्ण वाळलेली हवी. बोटानं ठोकली की 'टक' वाजली पाहिजे. ओलसर असली तर धूर संपत नाही आणि तो कडवट धूर दाण्यात उतरतो. लाकडाचा जाळ करणारेही पुष्कळ आहेत. लाकूड एका जागी जास्त तापतं, दुसऱ्या जागी विझतं. कोळशाला आच चांगली, पण वास नाही. गोवरीची आच मंद आणि सगळीकडे सारखी, आणि हुरड्याचा म्हणून जो वास आपल्याला ठाऊक आहे, त्यातला निम्मा तिचा असतो.

पेटवल्यावर अर्धा तास शांत बसायचं. ज्वाळा गेल्या पाहिजेत, धूर गेला पाहिजे, निखाऱ्यावर राखेचा पातळ पापुद्रा दिसला पाहिजे. मग कणसं. ती काढायची शेवटच्या क्षणी, आणि वीतभर दांडा ठेवून, म्हणजे फिरवायला हाताशी काहीतरी राहतं. एका वेळी पाच-सहा, त्याहून जास्त नको. निखाऱ्यात तोंड खुपसून, दांडे बाहेर. दर अर्ध्या मिनिटानं एक वळसा. दाणे तडतडायला लागतात, हिरवा रंग काळपट तांबूस होतो, तीन-चार मिनिटांत काम होतं. ज्वाळेत घातलं तर तूस जळतं आणि दाणा आत कच्चा राहतो. निखारा मेलेला असला तर दाणा भाजत नाही, नुसता उकडतो आणि वातड होतो. भट्टीवर बसणाऱ्या माणसाला दुसरं काम सांगायचं नाही, स्पीकरवरून हाक तर अजिबात मारायची नाही.

काढलं की लगेच चोळायचं. गरम कणीस पोत्याच्या तुकड्यात किंवा जाड पंच्यात धरायचं, खाली सूप, आणि दोन्ही तळव्यांमध्ये दाबून फिरवायचं. आतल्या वाफेनं तूस सैल झालेलं असतं तोवरच ते सुटतं. दोन मिनिटं गेली की दाणा आक्रसतो, तूस पुन्हा चिकटतं, मग पाखडून पाखडून हात दुखतात तरी तोंडात तूस येतं. सुपात दोन झटके, एक फुंकर, आणि थेट समोरच्याच्या ओंजळीत. एका माणसाला चार-सहा कणसांचा हुरडा पोटभर होतो. भट्टीपासून तोंडापर्यंत पाच मिनिटं. याच्या पुढे गेलं की गोडी उतरायला लागते, कारण दाणा गार झाला की आतला गर घट्ट होतो आणि जिभेला साखर कमी लागते.

आणि यांनी तो गोठवून, वितळवून, बटरमध्ये परतून दिला. गोठवल्यावर दाण्यातल्या पाण्याचा बर्फ होतो, त्या बर्फानं दाणा आतून फाटतो, वितळला की पाणी सुटतं. म्हणून ते दाणे चमच्याला चिकटत होते. म्हणून त्या पोरीला मका वाटला! चाट मसाला घालून हे झाकता येत नाही. ज्याला काही लागत नाही त्याच्यावर मसाला टाकायचा, हे आपल्या जिल्ह्यात, आपल्या ज्वारीच्या बाबतीत व्हावं, याचा मला खरंच संताप येतो.

पाकिटातला हुरडा सरसकट वाईट, असं म्हणणार नाही. पुण्या-मुंबईत अडकलेल्या माणसाला तोच मिळतो आणि थालीपिठाला, उसळीला तो चालतो. घरी उरलेला हुरडा टिकवायचा असेल तर पंख्याखाली कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग डब्यात भरून फ्रीजरला ठेवा. वापरताना बाहेर काढून ठेवू नका, थेट तव्यावर टाका, पाण्याचा एक हबका द्या आणि दोन मिनिटं झाकण ठेवा. पण हे मार्चमधलं काम आहे. जानेवारीत, शेतात, उभ्या पिकाशेजारी हे करायचं कारण एकच, कष्ट वाचवणं. शेतकऱ्याला या पार्ट्यांतून चार पैसे मिळतात हेही खरं आहे, आणि मिळायलाच हवेत. मग पैसे आगटीचे घ्या. दुप्पट घ्या, लोक देतील.

सोबतच्या पदार्थांबद्दलही लिहितो, कारण तिथंही गोंधळ होता. हुरड्याबरोबर शेंगाचटणी हवी, पण ती हुरड्यावर भुरभुरायची नाही. बाजूला ठेवायची, बोटानं चाटायची. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सालं काढून, दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन-तीन चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ घालून उखळात कुटायचे. तेल सुटून गोळा धरायला लागलं की थांबायचं. मिक्सर लावायचाच असेल तर थांबून थांबून, क्षणभर फिरवून. सलग फिरवला की एक तर कोरडी पूड होते नाहीतर भांडं तापून लगदा होतो. गुळाचा खडा हवा, घट्ट दही हवं, हरभऱ्याचे डहाळे हवेत, बोरं असली तर उत्तम. वांग्याचं भरीत त्याच आगटीत शेवटी होतं, निखारे उतरल्यावर. वर ताक. पाव-भाजी नको, नूडल्स तर नकोतच. आज दोन्ही होतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. कारण त्या पोरीची गोष्ट तिथं संपली नाही.

दुपारी चारच्या सुमारास गोठ्यामागे धूर दिसला. कामावरच्या बायका काम आटपून बसल्या होत्या, त्यांनी स्वतःसाठी छोटीशी आगटी केली होती. कणसं पलीकडच्या बांधावरची, चार ताटं उशिरा उगवलेली, तेवढीच हुरड्यात होती. ती पोरगी धूर बघत तिकडे गेली. एक मावशी म्हणाली, "ये की बाळ, बस हितं." कणीस निखाऱ्यात फिरताना ती टक लावून बघत होती. मावशीनं चोळलं, सुपात झटकलं, आणि मूठभर तिच्या ओंजळीत घातलं. "फुक मार आधी, पोळंल." पोरीनं फुंकर मारली, खाल्लं, आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. मग मावशीनं एक न भाजलेलं कणीस तिच्या हातात दिलं आणि ज्वारीकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्याचा." सकाळपासून तिला हवं होतं ते उत्तर तिथं मिळालं. त्या बायकांना पार्टीचं जेवण दिलेलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो, कारण सगळ्यात चांगला हुरडा त्यांनीच केला.

परतताना भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरत होते. हजारोंच्या संख्येनं, एकदम वळणारे. थंडीत लांबून येणाऱ्या या पाखरांना गोड दाणा कळतो. हुरड्यात आलेलं रान राखायला पहाटेपासून माणूस गोफण घेऊन उभा राहतो तो याच्यासाठी, आणि कणसामागं थोडं जास्त मागितलं की आपण घासाघीस करतो. नका करू.

पुढच्या रविवारी जाणार असाल तर फोनवर एवढं विचारा: ज्वारी कुठली आणि कधी पेरलेली? कणसं आमच्यासमोर काढणार का? भट्टीवर कोण बसतं, आणि चोळणाऱ्या बायका जेवतात कधी? उत्तरं अडखळत आली तर पैसे भरू नका. रस्त्याकडेनं कणसं विकत घेऊन घरी भाजणार असाल तर त्याच दिवशी भाजा, तोवर ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी गोडी निम्मी होते. गच्चीवर जुन्या घमेल्यात चार गोवऱ्या पेटवल्या तरी चालतं, फक्त कणसं दोन-दोनच घाला आणि वाऱ्याकडून आडोसा करा. मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोटकडे ज्यांचे पाहुणे आहेत त्यांनी सरळ त्यांनाच फोन करावा. उशिरा पेरलेली रानं अजून पंधरा दिवस तरी हुरड्यात राहतील.