सेवा पूर्ण

परवा बँकेत माझा पत्ता बदलला नाही, पण माझं काम मात्र झालं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला, "सही जुळत नाही, नवा फॉर्म भरून आणा" म्हणाल्या आणि बटण दाबलं. वरच्या पडद्यावर माझ्या टोकनपुढे हिरव्या अक्षरांत उमटलं: सेवा पूर्ण.

"कसली पूर्ण?" मी ओरडलो. शेजारच्या खुर्चीतला टॅबलेटवाला प्रसन्न हसला. मुख्य कचेरीनं त्याला शाखांची कार्यक्षमता मोजायला पाठवलं होतं.

"झटकन निकाली निघालं तुमचं टोकन!"

"अहो, काम कुठं झालंय?"

"तो रकाना नाही आमच्याकडे. परत याल ना?"

"यावंच लागणार."

"मग ते नवं टोकन."

म्हणजे मी जितके हेलपाटे घालणार, तितकी शाखेची उत्पादकता चढणार! माणसं तेवढीच, टोकनं जास्त.

मग त्यानं माझी शिकवणीच घेतली. तो बसून, मी उभा. म्हणे, 1957 साली फॅरेल या अर्थशास्त्रज्ञानं युक्ती मांडली: सगळ्यात सरस कामाची सीमारेषा आखा आणि बाकीचे तिच्या किती मागे ते मोजा. 1978 साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी त्याचं रीतसर गणित केलं. त्यात कुठल्या कामाला किती वजन द्यायचं ते भारांक प्रत्येक शाखेला तिच्या सर्वांत सोयीचे मिळतात. (शाळेत मला गणिताचे गुण कमी धरून चित्रकलेचे जास्त धरायची सवलत कुणी दिली नव्हती.) वर्षागणिक वाढ मोजायला माल्मक्विस्ट निर्देशांक. शाखा रेषेजवळ किती सरकली आणि रेषाच किती पुढे गेली, हे त्यात वेगवेगळं काढता येतं.

"रेषा पुढे जाते, मग रांग का जात नाही?"

त्यानं ते ऐकलं नाही. तो ठेवींवर घसरला होता. ठेव हे शाखेचं उत्पादन की कर्ज देण्यासाठी लागणारा कच्चा माल, यावर विद्वानांत दोन तट आहेत. पैसे माझे, आणि ते कुठल्या बाजूला मांडायचे हे अजून ठरायचंय! कच्च्या मालाला खुर्ची का देत नाहीत, तेवढं मात्र समजलं.

"1985 साली शर्मन आणि गोल्ड यांनी एका बँकेच्या 14 शाखा तपासल्या," तो म्हणाला. "इनपुट कुठले? कर्मचारी, भाडं, स्टेशनरी वगैरेचा खर्च."

"आणि गिऱ्हाईकाचा वेळ?"

"त्याचे पैसे शाखेला पडत नाहीत."

हे तो इतक्या निरागसपणे म्हणाला की मला भांडताही येईना. माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली, ती कुणाच्याच हिशेबात नाही. फुकट मिळणारी वस्तू कोण जपून वापरतो? त्या बाईंचाही राग धरवेना. बटण दाबलं नाही तर त्यांच्याच नावापुढे लाल खूण पडते म्हणे.

"ही शाखा बरोबर रेषेवर आहे. गुण 1, म्हणजे पैकीच्या पैकी!" त्यानं टॅबलेट मिटला. "बाकीच्या शाखांना शिकवायला आता याच बाईंना पाठवतोय."

"मग इथं खिडकीवर कोण?"

"कुणी नाही. खिडकी बंद. तेवढंच इनपुट कमी."