गडावर बोललो, घरी नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सस्नेह नमस्कार.

सिंहगडावरच्या आमच्या रविवारांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी आली त्याच दिवशी वाचली, पण उत्तर द्यायला तीन आठवडे लावले. त्यातला पहिला आठवडा रागात गेला, हे कबूल करतो. ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत अकरावी-बारावीला एका खोलीत राहिलेले आम्ही पाच मित्र आता पन्नाशी ओलांडून पुण्यात स्थिरावलो आहोत. गेली नऊ वर्षे बहुतेक रविवारी पहाटे आम्ही आतकरवाडीच्या पायवाटेने गड चढतो आणि चढता चढता आपापल्या घरातले एकमेकांना सांगतो. मुलाचे बारावीचे गुण, आईचे गुडघे, फिटता न फिटणारे गृहकर्ज, बायकोशी धरलेला अबोला, सगळेच.

त्यावर आपण लिहिले, ‘पाच पुरुष बायकांच्या पाठीमागे त्यांच्या संसाराची उजळणी करतात आणि तिला मैत्री म्हणतात. मित्र आपल्याला हवे तेच ऐकवतात, म्हणून तर माणूस त्यांच्याकडे जातो. तुमची नोकरी जाणार हे त्यांना जुलैत कळले आणि पत्नीला दिवाळीत, हे तुम्ही कौतुकाने सांगता. तिला काय वाटले याविषयी लेखात अक्षर नाही. आणि तुम्ही गडावर असता तेव्हा घरी तुमच्या आईला चहा कोण देते?’

यातले एक विधान मला अजिबात मान्य नाही, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. मित्र हवे ते ऐकवतात, हे ते विधान. आमच्यातला एक जण हार्डवेअरचे दुकान चालवतो आणि त्याचे गाव कऱ्हाड तालुक्यात आहे. दोन भाऊ, दोन बहिणी, चार एकर बागायती ऊस. वडील २००३ साली वारले, पण जमिनीची वाटणी झाली नव्हती. २०२१ च्या पावसाळ्यात तो एका रविवारी मोठ्या आनंदात सांगू लागला की, भाऊबिजेला बहिणी येतील तेव्हा त्यांच्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचे दोघा भावांचे ठरले आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातला एक दिवसही त्यांनी धरून ठेवला होता. त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावरून बहिणींची नावे कमी होणार होती. ‘नाव कमी करणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे किती सहज वापरला जातो! त्याने आम्हाला सल्ला विचारलाच नव्हता. चांगली बातमी सांगावी तसे तो सांगत होता.

आमच्यातला दुसरा बँकेत आहे आणि तारण म्हणून आलेल्या मिळकतींची कागदपत्रे तपासण्यात त्याची निम्मी हयात गेली आहे. त्याने एवढेच विचारले, ‘कशावर सही करताहेत, हे बहिणींना सांगितले आहेस का?’ दुकानदाराचे म्हणणे असे की, मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती २००५ ची, वडील त्याआधीच गेलेले, तेव्हा तो कायदा त्यांच्या घराला लागतच नाही. गावातल्या कोणीतरी त्याला तसे पढवले होते, आणि एके काळी न्यायालयाचाही कल तसा होता. पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले की, हा हक्क मुलीला जन्माने मिळतो आणि २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. बँकवाल्याने हे सांगितले तेव्हा आम्ही अर्ध्या चढावर होतो. मग आवाज चढले. ‘बहिणी आपण होऊन देताहेत, तुला काय त्रास आहे?’ या प्रश्नावर प्राध्यापक मित्र म्हणाला, ‘न देऊन माहेर तुटेल या भीतीने देताहेत, आणि ते तुला ठाऊक आहे.’ दुकानदार तिथूनच मागे फिरला. पिठले-भाकरी न खाता गडाच्या वाटेवरून उतरलेला तो आमच्यातला पहिलाच. पुढचे तीन रविवार तो आला नाही आणि फोनही उचलत नव्हता.

चौथ्या रविवारी आला. मधल्या काळात त्याने दोन्ही बहिणींना बसवून जमीन किती, भाव काय, कोणाचा वाटा किती, हे कागदावर लिहून दाखवले होते. धाकटीने तरीही सही करते म्हणून सांगितले. थोरलीने मात्र तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ‘विचार करून सांगते’ म्हणाली. तिचे नाव आजही सातबाऱ्यावर आहे. त्याचा भाऊ तेव्हापासून त्याच्याशी बोलत नाही. ‘तुमच्यामुळे माझा भाऊ गेला,’ असे तो आम्हाला अधूनमधून ऐकवतो, हसतच ऐकवतो, पण ते सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नसते. आता सांगा, ताई, यात त्याला हवे ते कोणी ऐकवले?

हे बायकोने किंवा घरातल्या कोणी सांगून भागले नसते का? त्याच्या पत्नीने ते आधी सांगितले होते, असे पुढे कळले. त्याने तिला ‘तुला आमच्या घरातले काय कळते’ म्हणून गप्प केले होते. तेच वाक्य आम्हाला म्हणणे त्याला जमले नाही, कारण त्याचे घर आम्ही त्याच्या लग्नाआधीपासून पाहिले आहे. त्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आहे आणि थोरल्या बहिणीने शिवलेल्या गोधड्या वसतिगृहात पांघरल्या आहेत. बायकोचे न ऐकता मित्रांचे ऐकणे हा काही सद्गुण नव्हे, हे मला मान्य आहे. पण निदान कोणाचे तरी ऐकले.

नुसते बोलून काय होते, असाही आपला सूर आहे. त्यावर फार लिहीत नाही. प्राध्यापक मित्राच्या आईला विस्मरणाचा आजार आहे. एका रविवारी तो म्हणाला की, एकच प्रश्न अकराव्यांदा ऐकल्यावर तो आईवर ओरडला आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. आमच्यापैकी कोणालाही काही सुचले नाही. बऱ्याच वेळाने दंतवैद्य मित्र म्हणाला, ‘पुढच्या रविवारी मी बसतो तिच्यापाशी, तू इकडे ये.’ तेव्हापासून आमच्यातला एक जण पाळीपाळीने रविवारी सकाळी सहा ते अकरा त्या माउलींजवळ असतो, आणि म्हणून गेले वर्षभर गडावर पाच नव्हे, चारच जण दिसतात. उरलेले सहा दिवस त्याची पत्नीच आईंचे सगळे पाहते. हे वाक्य आपण लिहिण्याआधी मीच लिहून ठेवतो.

आता चहाचा प्रश्न. रविवारी सकाळी माझ्या आईला चहा माझी पत्नी देते. आंघोळीचे पाणीही तीच काढते आणि साडेआठला रक्तदाबाची गोळी तीच देते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. तिच्यानुसार बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७. आणि पुरुषांची ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांपुरती आहे. दिवसभरात असे कोणतेही काम करणारे पुरुष शंभरात २६ च होते. गडावर आम्ही चौघे-पाच जण हातपाय पसरून मडक्यातले दही खात असतो तेव्हा आमची ती मिनिटे कोणाच्या खात्यात जमा होतात, हा विचार मी नऊ वर्षांत केला नव्हता. पत्नीची अकरा जणींची भिशी आहे, तीही मन मोकळे करण्याची जागाच आहे, असे उत्तर मी मनाशी तयार ठेवले होते. पण भिशी महिन्यातून एकदा, दुपारी चार ते सहा, आणि जिच्या घरी असेल तिने अकरा जणींचे खाणे करायचे. आमच्यासाठी भाकरी गडावरच्या बायका थापतात. ही तुलना करताना माझे मलाच हसू आले, म्हणून ते उत्तर बाजूला ठेवले.

एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते. जात्यावर बसून बायकांनी सासर, नवरा, भाऊ, मूल न होण्याचे दुःख, सगळे ओव्यांतून सांगितले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखाच्या पुढे आहे. त्याच गावांत पुरुषांना पार होता, चावडी होती. तिथे पाऊस, भाव, निवडणूक आणि दुसऱ्याच्या घरातली भांडणे यांवर तासन् तास बोलणे होई, पण स्वतःच्या घरावर नाही. माझ्या वडिलांनी तीस वर्षांची मैत्री असलेल्या मित्रालाही कधी सांगितले नाही की, धाकट्या मुलाच्या आजारपणात दागिने मोडावे लागले होते. आम्हाला हे बोलणे जमू लागले त्याचे बरेचसे श्रेय मी त्या पायवाटेला देतो. वाट अरुंद आहे, एकामागे एक चालावे लागते. बोलणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते, चेहरा दिसत नाही. शिवाय दम लागलेला असतो, त्यामुळे वाक्य सजवता येत नाही.

आणि आता जे टाळता येत नाही त्याकडे येतो. २०२३ च्या जुलैत माझ्या कंपनीने मला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पुढे केला. शब्द ‘स्वेच्छा’ होता. इच्छा कोणाची होती ते सांगायला नको. पुढच्याच रविवारी, चढ संपत आला असताना, पुणे दरवाजाच्या अलीकडे मी ते मित्रांना सांगितले. घरी सांगायला नोव्हेंबर उजाडला. लेखात मी हे मैत्रीचा दाखला म्हणून लिहिले होते. आपण म्हणता तसे, कौतुकानेच.

मित्रांना सांगणे सोपे होते, कारण त्यांच्यासमोर माझी पत कधीच नव्हती. अकरावीत भौतिकशास्त्रात नापास झाल्यावर वसतिगृहाच्या गच्चीवर रडणारा मुलगा त्यांनी पाहिला आहे. घरी मात्र मी गेली पंचवीस वर्षे ‘होईल सगळे नीट’ असे म्हणणारा माणूस होतो, आणि मुलीचे शेवटचे वर्ष संपेपर्यंत ते वाक्य मला मोडायचे नव्हते. हे कारण आहे. सबब म्हणून ते पुरत नाही, हे मला आपली प्रतिक्रिया वाचल्यावर जाणवले.

म्हणून मी पत्नीला विचारले, तुला तेव्हा काय वाटले होते? दोन वर्षांनी प्रथमच विचारले. तिने लगेच उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी रात्री भांडी लावताना म्हणाली, ‘नोकरीचे मला काही वाटले नव्हते. तू नोकरीवर खूश नव्हतास हे मला दिसतच होते, डबा अर्धा परत येत होता. पण मधल्या चार महिन्यांत तुझे मित्र घरी आले होते. मी त्यांना चहा दिला, मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे बेत सांगितले, आणि ते सगळे माना डोलवत होते. त्यांना माहीत होते आणि मला नव्हते. त्यांच्या बायकांपैकी एकीलाही माहीत होते, हे मला नंतर कळले. त्या दिवशीचे माझे बोलणे अजून मला आठवते आणि लाज वाटते. लाज मला का वाटावी?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि या मजकुरातही नाही. पुढच्या रविवारी मी हे मित्रांना सांगितले, अर्थात तिला विचारून. दंतवैद्य मित्राने त्याच संध्याकाळी घरी येऊन तिची माफी मागितली. तिने ती स्वीकारली की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

लेखाविषयी आणखी एक. तो लिहिण्याआधी मी चारही मित्रांची परवानगी घेतली होती, पण त्यांच्या पत्नींची नाही, कारण तसे करायचे असते हे डोक्यातच आले नव्हते. आता विचारले. तिघींनी हरकत घेतली नाही. दुकानदाराच्या पत्नीने वर सांगितलेली तिची बाजूही लिहायला सांगितली. चौथीने नाही म्हटले. तिच्या रजोनिवृत्तीच्या काळाविषयीचा आणि त्यावरून त्यांच्या घरात झालेल्या वादाचा परिच्छेद मी लेखातून काढून टाकला आहे. ज्यांनी तो वाचला आहे त्यांनी तो विसरावा, अशी विनंती करण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

हे उत्तर पाठवण्यापूर्वी मी पत्नीला वाचायला दिले. तिने एकच दुरुस्ती सुचवली. मित्रांना दिला तो चहा नव्हता, कोजागरीचे मसाला दूध होते. त्या वर्षी कोजागरीला रात्री चंद्रग्रहण होते, वेध लागले आहेत म्हणून आईने दूध करायला विरोध केला होता, आणि ‘यांचे मित्र गच्चीवर येणार आहेत’ असे म्हणून तिने आईशी वाद घालून ते आटवले होते. मला ते आठवत नव्हते. वर ‘चहा’ आहे तिथे तेवढे ‘दूध’ असे वाचावे.