सिन मान्तेका

२०२५ च्या पावसाळ्यात मीरा रोडला एका मिठाईवाल्याला मराठीवरून थोबाडीत मारली. तो व्हिडिओ मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘असंच पाहिजे.’ मी हे चूक आहे म्हटलं, तर उत्तर आलं, ‘ताई, तू शिकागोत बसून इंग्रजीत जगतेस. तुला काय कळणार?’ ते वाक्य अजून सलतंय.

इंग्रजीत जगते? दर शुक्रवारी आम्ही शिकागोच्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीत, अठराव्या रस्त्यावरच्या एका लहानशा ताकेरियात, म्हणजे टाकोच्या खानावळीत जेवतो. फळा स्पॅनिश, रेडिओ स्पॅनिश, गल्ल्यावरची बाई स्पॅनिश बोलणारी. इलिनॉयची राजभाषा १९६९ पासून इंग्रजी आहे. १९२३ च्या कायद्यात तर तिचं नावच ‘अमेरिकन’ होतं. या दुकानातला एक शब्दही कायद्याने बदलला नाही. उलट मीच शिकले. शाकाहारी माणसाला शिकावंच लागतं, कारण घोटलेल्या फ्रिहोलेसमध्ये, म्हणजे राजम्यासारख्या उसळीत, बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. ‘सिन मान्तेका’ (चरबी नको), ‘सिन पोयो’ (कोंबडी नको) हे माझे पहिले शब्द. मग निवडुंगाचे नोपालेस, चिंचेचं सरबत, आग्वा फ्रेस्का. मला कुणी मारलं नाही. मला भूक होती, आणि माझे वाकडेतिकडे उच्चार ती बाई धीराने ऐकून घेत होती. मराठी शिकवायची तर अशी शिकवा, इतकंच माझं म्हणणं.

त्याच वर्षी सप्टेंबरात शिकागोत इमिग्रेशनची धरपकड सुरू झाली. दुकानाला भर दिवसा आतून कडी. काचेतून चेहरा बघून दार उघडायचे. ऑर्डर घेताना बाईचा आवाज उतरलेला. बोलण्यावरून माणूस हेरायचा म्हणजे काय, ते मी त्या दाराशी पाहिलं आणि भावाला लिहिलं. ‘याचा त्याच्याशी काय संबंध?’ तो म्हणाला. मला तर दिसतो.

पण पुढे त्याने जे विचारलं त्यावर मी गप्प बसले. आदल्या डिसेंबरात आम्ही पुण्यात एका हॉटेलात गेलो होतो. मीच वेटरला म्हटलं होतं, ‘भैया, थालीपीठ मिलेगा?’ ‘मिळेल की ताई, लोणी देऊ बरोबर?’ मुलगा बीडचा होता. भाऊ समोर बसला होता, तेव्हा काही बोलला नाही. आता त्याने विचारलं, ‘त्याला तू हिंदी का दिलीस?’

माझी लेक बारा वर्षांची आहे, शाळेत स्पॅनिश शिकते. हल्ली ऑर्डर तीच देते, माझ्याहून कितीतरी सफाईने. गेल्या शुक्रवारी बाईने तिला विचारलं, घरी काय बोलता? ‘मराठी.’ मग एखादा शब्द सांग ना. लेकीने माझ्याकडे पाहिलं. ‘चमचा,’ मी सुचवलं. तिने म्हटला, दोन्ही च ‘चहा’तले. बाईनेही हसून तसाच म्हटला. मी पुन्हा नीट म्हणून दाखवला. दोघींनाही फरक ऐकू आला नाही.