खिडकीतला आगाशिव

आमच्या दहावीच्या बॅचचा ग्रुप आहे, चाळीसएक जणांचा. निम्मे कराड-साताऱ्यात, काही पुण्यात, तिघं आखातात आणि मी इथे स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला. एरवी वाढदिवस आणि लग्नाच्या पत्रिका. वाद पेटतो तो शाळेवरून. 2025 च्या जूनमध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक सैनिकी प्रशिक्षण द्यायचं जाहीर केलं, त्यासाठी राज्यातल्या सुमारे अडीच लाख माजी सैनिकांची मदत घेऊ म्हणाले, तेव्हापासून हा वाद पुन्हा पुन्हा वर येतो. एक बाजू म्हणते, बरं झालं, पोरांना शिस्त लागेल. दुसरी म्हणते, अभ्यासाचं काय. आणि मग आमच्यातलाच एक, जो आज स्वतः गावाकडे शिक्षक आहे, त्याने लिहिलं: "आमदारांनी रस्ते, पाणी, उसाचा दर बघावा. खेळाच्या तासावर सभागृहाचा वेळ कशाला घालवायचा?"

हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या खाली सतरा अंगठे पडले होते.

शिक्षकानेच हे म्हणावं? आमचा पी.टी.चा तास शुक्रवारी शेवटचा असायचा. घंटा व्हायची, आम्ही वेण्या घट्ट करून, बूट बांधून बसलेलो, आणि दारात गणिताच्या बाई उभ्या. हातात खडू. "बाहेर ऊन आहे, मैदानावर काय करणार आहात? त्रिकोणमिती राहिलीय." आठवी ते दहावी या तीन वर्षांत आम्ही मुली मैदानावर किती वेळा उतरलो ते मी बोटांवर मोजून सांगेन. मुलं तरी मधल्या सुट्टीत क्रिकेट खेळायची. आम्ही कट्ट्यावर बसून डबा खायचो. तिसऱ्या बाकावरून खिडकीबाहेर बघितलं की आगाशिवचा डोंगर दिसायचा. पावसाळ्यात हिरवा, मार्चमध्ये करपलेला. त्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. इतिहासाच्या पुस्तकात अजिंठा-वेरूळ होतं, आम्ही ते पाठ केलं. आगाशिवला मात्र शाळेने दहा वर्षांत एकदाही नेलं नाही. पायी तासाभराचं अंतर.

माझी मुलगी इथे पी सेव्हनला, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या वर्गात, असताना पाच दिवस लॉखच्या, म्हणजे तळ्याच्या, काठच्या आउटडोअर सेंटरला जाऊन आली. परत आली तेव्हा तिच्या बॅगेतून ओल्या लोकरीचा आणि चिखलाचा वास येत होता, वॉटरप्रूफ पार फाटलेली, गुडघा सोललेला. जेवताना तिने टेबलावर मीठ-मिऱ्याच्या डब्या मांडून मला होकायंत्रावरून दिशा कशी धरायची ते शिकवलं. चार रात्री ती माझ्याशिवाय झोपली होती, अंधारात ओढा ओलांडला होता आणि स्वतःचं अंथरूण स्वतः घातलं होतं. तिच्या आवाजात एक नवा जाडपणा आला होता. मी त्या रात्री खूप वेळ जागी होते.

आता सभागृहाच्या वेळेबद्दल. इथल्या म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, हॉलीरूडला, लिझ स्मिथ नावाच्या एक सदस्य होत्या. विरोधी बाकावरच्या, काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी 2024 च्या जूनमध्ये एक खासगी विधेयक मांडलं. सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला शालेय आयुष्यात एकदा तरी पाच दिवस, चार रात्रींचं निवासी निसर्गशिक्षण मिळालं पाहिजे, आणि त्याची सोय करणं हे कायद्याने बंधनकारक असावं, एवढंच त्यात होतं. सरकार दुसऱ्या पक्षाचं. त्यांनी लगेच पैशाचा विषय काढला, कारण वर्षाला काही कोटी पौंडांचा खर्च आणि तिजोरी आधीच आखडलेली. शिक्षक संघटनांनी विचारलं, रात्री मुलांबरोबर राहणं आमच्या सेवाशर्तींत कुठे बसतं? अपंग मुलांसाठी सोयी आहेत का, सेंटरं पुरेशी आहेत का, सगळं विचारलं गेलं. महिनोन्‌महिने समितीने लोकांना बोलावून साक्षी घेतल्या, आणि 2025 साली सभागृहाने विधेयक तत्त्वतः मान्य करून पुढे पाठवलं. "याच्यावर वेळ कशाला घालवायचा" हे वाक्य मला त्या सगळ्या चर्चेत सापडलं नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

आणि ही हवेतली गोष्ट नाही. मी राहते त्याच गावात, सेंट निनियन्स प्रायमरी शाळेत, 2012 साली मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी एका वर्गाला मैदानाला फेरी मारायला लावली. बहुतेक मुलं एका फेरीतच दमली. तेव्हापासून रोज पंधरा मिनिटं, अंगावर असतील त्या कपड्यांत, धावत किंवा चालत बाहेर. ना गणवेश, ना साहित्य, ना खर्च. डेली माइल म्हणून ते आज जगभर गेलंय. सकाळी कामावर जाताना मला कुंपणापलीकडे ती रांग दिसते, रिमझिम पावसातसुद्धा. प्रायमरीत आठवड्याला दोन तास पी.ई. हे धोरणच आहे. ते तास गणितासाठी कोणी काढून घेत नाही.

ग्रुपवर मी हे लिहिलं. उत्तर आलं, "अगं, तिकडे बसून बोलणं सोपं आहे. तिकडं एका वर्गात पंचवीस पोरं. इकडं साठ पोरं आणि एक शिक्षक, त्याला जनगणना करायची, निवडणुकीचं काम करायचं, खिचडीचा हिशेब ठेवायचा. मैदानावर नेऊ कधी?"

खरंय. त्याचं म्हणणं मी नाकारत नाही. पण मग हेच सभागृहात कोणी विचारायचं? शिक्षणहक्क कायद्याच्या, 2009 च्या, परिशिष्टात मैदान लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा, हेही लिहिलेलं आहे. ते निदेशक किती शाळांत आहेत, मानधनावर किती महिने टिकतात, मैदान कागदावर आहे की जमिनीवर, हे तारांकित प्रश्नाचे विषय नाहीत तर काय? आपल्या विधान परिषदेत शिक्षकांनी निवडून दिलेले सात आमदार बसतात. असं राखीव दालन इथल्या संसदेत नाही. त्या आमदारांच्या तोंडी अनुदान, जुनी पेन्शन, संचमान्यता (कुठल्या शाळेला किती शिक्षक, ते ठरवणं) असते, आणि तेही रास्तच आहे, कारण पगार न मिळणारा शिक्षक मैदानावर काय शिट्टी वाजवणार. पण सातांपैकी एकाने तरी "खेळाचा तास प्रत्यक्षात होतो का" हा प्रश्न उचलून धरावा, दर अधिवेशनात तोच विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण खेळाचं मोल आपल्याकडे मार्कांत मोजतात. जिल्ह्याला खेळलास, राज्याला खेळलास, तर दहावी-बारावीत वाढीव गुण. ज्या मुलीला पदक मिळणार नाही, तिने नुसतं पळावं, घाम यावा, रात्री गाढ झोपावं, याला आपल्या व्यवस्थेत रकानाच नाही. आणि सैनिकी प्रशिक्षणाची घोषणा आली की सगळे टाळ्या वाजवतात, कारण त्यात शिस्त आहे. माझ्या मुलीला ओढा ओलांडायला शिकवणाऱ्या बाईंनी एकदाही "सावधान" म्हटलं नव्हतं. त्या तिला म्हणाल्या होत्या, "आधी दगड कुठे हलतो ते बघ, मग पाय टाक."

कराडच्या माणसाला तर हे सांगावं लागू नये. गोळेश्वर आमच्या शेजारचं. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं होतं. ही गोष्ट आम्ही लहानपणी अभिमानाने ऐकायचो, मीही इथल्या मैत्रिणींना अभिमानानेच सांगितली. त्यातली एक ऐकून म्हणाली, "पण घर का गहाण ठेवायला लागलं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला कांस्य जिंकला, आणि तो घडला सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. म्हणजे सरकारने पैसे घातले की होतं. मग बाकीच्या पोरांनी काय केलंय?

इथपर्यंत मी ग्रुपवर जोरात भांडत होते. मग त्याच शिक्षक मित्राने विचारलं, "तुमच्याकडं सगळी पोरं जातात का त्या पाच दिवसांना?"

नाही जात. कायदा हवा होता तो त्याचसाठी. मुलीच्या त्या सहलीचे साडेतीनशे पौंड आम्ही हप्त्यांनी भरले. तिच्या वर्गातली एक मुलगी गेली नाही. तिची आई शाळेच्या फाटकापाशी सांगत होती, हिला घर सोडून झोप लागत नाही, म्हणून नाही पाठवत. ते पाच दिवस ती मुलगी पी सिक्सच्या वर्गात मागच्या बाकावर बसली. मी ते पाहिलं, कारण त्या आठवड्यात मी शाळेत वाचनाला मदत करायला जात होते. ती चित्र रंगवत होती, डोंगराचंच. मी तिच्याजवळ बसले, पुस्तक वाचून दाखवलं, आणि घरी आले. तिच्या आईला काही विचारलं नाही. शाळेलाही नाही.

आणि आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. त्या विधेयकावर समितीने जनतेकडून मतं मागवली होती. कोणीही लिहून पाठवू शकत होतं. मी पान उघडलं, पहिला रकाना भरला, दुसऱ्यापाशी थांबले. मनात आलं, मी कोण यांना सांगणारी? यांची शाळा, यांचे डोंगर. उद्या म्हणायचे, बाहेरून आली आणि खर्च वाढवायला सांगते. इथे मी पंधरा वर्षं राहते, कर भरते. भारतीय पासपोर्टवरही इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं आणि मी ते देते. तरी मी ते पान बंद केलं. कराडच्या मतदारयादीतून माझं नाव केव्हाच गेलं, आणि तिथल्या खेळाच्या तासासाठी मात्र मी रात्री दीड वाजेपर्यंत टाइप करत बसते. तिथे यादीत नाव नाही पण धीर आहे. इथे हक्क आहे आणि तोंडातून शब्द फुटत नाही. त्या मागच्या बाकावरच्या मुलीसाठी मी दोन ओळी लिहिल्या नाहीत, हे मला लागतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही कराडला गेलो होतो. एका सकाळी मुलीला घेऊन आगाशिव चढले, आयुष्यात पहिल्यांदा, त्रेचाळिसाव्या वर्षी. आई म्हणाली, दोघी बायका, काठी तरी घ्या. जखिणवाडीकडून वाट धरली. मुलगी पुढे, मी मागे धापा टाकत. एका चैत्यात ती बराच वेळ गप्प उभी राहिली, भिंतीवर हात फिरवत. वर पोहोचल्यावर कृष्णा-कोयनेचा संगम दिसला, प्रीतिसंगमाची झाडी, आणि गावाच्या या टोकाला आमची शाळा. मैदानाच्या अर्ध्या भागावर पत्र्याची शेड आली आहे. तिला बोटाने दाखवलं, ती बघ, डावीकडची तिसरी खिडकी, तिथे मी बसायचे.

ती म्हणाली, "इतक्या जवळ?"

खाली उतरल्यावर मी तिथला फोटो ग्रुपवर टाकला. शिक्षक मित्राचं संध्याकाळी उत्तर आलं. सातवीच्या पोरांना आगाशिवला न्यायचंय, जानेवारीत, हेडसरांना विचारलंय, बघू. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. आधी इथल्या आमच्या एमएसपींना, म्हणजे इथल्या संसदेतल्या आमच्या प्रतिनिधींना, लिहायला घेतलंय, त्या मागच्या बाकाबद्दल. दोन परिच्छेद झालेत.