‘फ्रॅटर्निटीत गेलेली मुलं पुढे जातात, हे सिद्ध झालंय’ : काय सिद्ध झालंय आणि काय नाही

मुलांना अमेरिकेत कॉलेजला पाठवणाऱ्या पालकांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा सारांश असा: फॉर्च्यून 500, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या 500 कंपन्यांचे 85% प्रमुख फ्रॅटर्निटीचे, म्हणजे कॉलेजातल्या निवडून घेतलेल्या मुलांच्या संघटनेचे, सदस्य होते; 1825 नंतरचे अमेरिकेचे दोन सोडून सगळे राष्ट्राध्यक्षही होते; सदस्यांचा जीपीए, म्हणजे 4 पैकी सरासरी गुण, इतरांपेक्षा जास्त असतो; ओळखींमुळे पगार वाढतो; आणि हेझिंग, म्हणजे त्यांच्याकडचं रॅगिंग, आता संपल्यात जमा आहे. शेवटी ठरलेलं वाक्य: ‘हे सगळं संशोधनाने सिद्ध झालंय.’

मराठी घरांना हा विषय लांबचा राहिलेला नाही. तिथे वाढलेली आपली मुलं दक्षिण आशियाई संघटनांमध्ये जातात: सिग्मा बीटा रो (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, 1996) ही फ्रॅटर्निटी किंवा डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन विद्यापीठ, 1998) ही मुलींची सोरोरिटी. एमएसला जाणाऱ्यांचा मात्र यात फारसा संबंध येत नाही. या संघटना मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांच्या असतात. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘85% सीईओ, दोन सोडून सगळे राष्ट्राध्यक्ष’

राष्ट्राध्यक्षांचा दावा मोजायला बसलं की लगेच कोसळतो. अँड्र्यू जॉन्सन कॉलेजातच गेले नव्हते. ओबामा, ट्रम्प आणि बायडन यांच्यापैकी कोणीही विद्यार्थिदशेत फ्रॅटर्निटीत नव्हतं. इथेच चार झाले. उलट ज्यांची नावं यादीत दिसतात त्यांतही मेख आहे: ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, तरी ‘सिग्मा काय’ (Sigma Chi) ही फ्रॅटर्निटी त्यांना आपलं मानते, कारण त्यांना मानद सदस्यत्व दिलं होतं. माणूस मोठा झाल्यावर दिलेलं सदस्यत्व त्याला मोठं कसं करेल?

85% च्या आकड्यामागे कोणत्या वर्षीची यादी, कोणी मोजली, सदस्यत्व कशावरून ठरवलं, यातलं काहीच त्या मजकुरात नसतं. समजा आकडा खरा धरला, तरी प्रश्न उरतोच. गेल्या शतकात मोठ्या कंपन्यांच्या खुर्च्यांवर जवळजवळ फक्त गोरे पुरुष होते, आणि अनेक राष्ट्रीय फ्रॅटर्निट्यांच्या नियमांतच दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षं गोऱ्यांखेरीज कोणाला घेऊ नये अशी कलमं होती. दोन्ही दारं एकाच वर्गासाठी उघडी होती. तेव्हा एका दारातून गेल्यामुळे दुसरं उघडलं, असं म्हणता येत नाही.

‘सदस्यांचा जीपीए जास्त असतो’

या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण इथला आकडा बहुतेक वेळा खरा असतो आणि निष्कर्ष खोटा.

कागद घ्या. दहा मुलांचे जीपीए लिहा: 1.6, 1.9, 2.2, 2.4, 2.6, 2.8, 3.0, 3.2, 3.5, 3.8. सरासरी 2.70. आता 2.5 च्या खाली कोणाला प्रवेश नाही असा नियम लावा. उरली सहा मुलं, त्यांची सरासरी 3.15. कोणी एक पान जास्त वाचलं नाही, कोणी कोणाला शिकवलं नाही, तरी ‘सदस्य’ 0.45 ने पुढे. प्रत्यक्षातही प्रवेशासाठी किमान जीपीए असतो, घसरलेल्या सदस्याला निलंबित केलं की तो गुणपत्रकाच्या यादीतून जाऊ शकतो, आणि तुलना मात्र सगळ्या कॉलेजशी होते.

ही चाळणी बाजूला काढली की काय दिसतं? ओहायोतल्या मायामी विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ विल्यम इव्हन आणि ऑस्टिन स्मिथ यांनी याच किमान जीपीएच्या अटीचा हुशारीने वापर केला. रेषेच्या जरासा वर आणि जरासा खाली असलेली मुलं जवळपास सारखीच असतात. फरक एवढाच की एकाला आत जाता येतं, दुसऱ्याला नाही. निष्कर्ष: सदस्यत्वामुळे मार्क 0.1 ते 0.3 प्रमाण विचलनाने (मार्क सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेले असतात, त्याचं माप) कमी होतात. त्याआधी 1996 मध्ये शिक्षणाचे संशोधक पास्कारेला आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांची वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी चाचणी घेतली होती. फ्रॅटर्निटीतली मुलं वाचन, गणित आणि चिकित्सक विचार यांत मागे पडलेली दिसली. 2001 च्या त्यांच्याच पुढच्या अभ्यासात, वरच्या वर्षांत हा तोटा बराच कमी झालेला आढळला. हेही सांगितलं पाहिजे. अर्धवट संशोधन दोन्ही बाजूंनी वापरता येतं.

‘ओळखींमुळे पगार वाढतो’

इथे पुरावा दुभंगलेला आहे. 2018 मध्ये मारा, डेव्हिस आणि श्मिट या संशोधकांनी ईशान्य अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणातून दाखवलं की सदस्यत्वाने जीपीए सुमारे 0.25 ने घटतो, पण पुढचं उत्पन्न सुमारे 36% वाढतं. इव्हन आणि स्मिथ यांना मात्र उत्पन्नवाढीचा पुरावा सापडला नाही. एक अभ्यास एका कॉलेजचा, दुसरा एका मोठ्या सरकारी विद्यापीठाचा. दोन्ही प्रामाणिक आहेत, आणि दोन्हींवरून ‘तुमच्या मुलाचा पगार वाढेल’ असं सांगता येत नाही.

जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप या संस्थेच्या 2014 च्या सर्वेक्षणाचाही दाखला दिला जातो: 30,000 हून अधिक पदवीधर, नोकरीत मन लागलेले सदस्य 43%, इतर 38%. पण अशा तुलनेत घरची सुबत्ता वेगळी काढणं फार अवघड असतं. वर्गणी, कपडे, घरभाडं परवडणाऱ्या घरातला मुलगा मुळातच पुढे असतो.

‘हेझिंग संपल्यात जमा आहे’

हा दावा सगळ्यात घातक आहे, आणि तो प्रश्न चुकीचा विचारल्यामुळे टिकून आहे. एलिझाबेथ अॅलन आणि मेरी मॅडन या संशोधकांच्या 2008 च्या अहवालात 53 संस्थांमधल्या 11,482 विद्यार्थ्यांची उत्तरं आहेत. त्यांनी ‘तुझ्यावर हेझिंग झालं का?’ एवढंच विचारलं नाही. कृत्यांची यादी दिली: पिण्याच्या खेळात भाग घ्यायला लावलं का, झोपू दिलं नाही का, अंगावर ओरडले का. फ्रॅटर्निटी-सोरोरिटीतल्या 73% जणांना यातलं किमान एक काहीतरी सोसावं लागलं होतं. पण असं वागवलं गेलेल्या दहापैकी नऊ जण स्वतःला ‘हेझिंग झालेलं’ मानत नव्हते. आणि जे मानत होते त्यांतल्या 95% नी कॉलेजला कळवलं नव्हतं.

आपल्याकडच्या रॅगिंगशी तुलना करताना एक फरक लक्षात ठेवावा. आपल्याकडे ज्युनियरला सुटका नसते म्हणून तो सोसतो. तिथे मुलाला आत घेतलं जायला हवं असतं म्हणून सोसतो. म्हणूनच तो तक्रार करत नाही आणि त्याला छळ हा शब्दही वापरवत नाही.

‘संशोधनाने सिद्ध झालंय’

मग नीट संशोधन कसं होतं? या विषयासाठी अमेरिकेत समीक्षित नियतकालिक आहे. फ्रॅटर्निटी-सोरोरिटी सल्लागारांच्या संघटनेने 2005 मध्ये ते ‘ऑरॅकल’ या नावाने सुरू केलं. आता त्याचं नाव बदललंय. तिथे किंवा इतरत्र छापण्याजोगं काम करायचं तर पुढच्या ठिकाणी घसरण होते.

प्रश्नावली चॅप्टरच्या, म्हणजे संघटनेच्या त्या कॉलेजातल्या शाखेच्या, अध्यक्षामार्फत पाठवू नये. तो आग्रह करतो, उत्तरं एकाच खोलीत बसून भरली जातात, आणि संमती नावापुरती राहते. चॅप्टरच्या देणगीनिधीला पैसे देण्याचं आमिषही तसंच: न भरणाऱ्यावर सगळ्यांचा डोळा. यादी विद्यापीठाच्या कार्यालयातून घ्यावी आणि दुवा प्रत्येकाला स्वतंत्र पाठवावा. जीपीए हवा असेल तर विद्यार्थ्याची लेखी संमती घ्यावी. मुलांनी स्वतः सांगितलेला जीपीए फुगलेला असतो.

नमुन्याचा आकडा फसवतो. एका चॅप्टरमधली मुलं एकमेकांसारखी असतात. प्रत्येकी 25 जणांचे 24 चॅप्टर घेतले, म्हणजे 600 उत्तरं, आणि चॅप्टरमधलं साम्य फक्त 0.10 असलं, तरी गुणक 1 + (25 − 1) × 0.10 = 3.4 येतो. 600 ला 3.4 ने भागा: माहिती जेमतेम 176 स्वतंत्र माणसांइतकी. बहुस्तरीय विश्लेषण, म्हणजे चॅप्टरमधलं हे साम्य हिशेबात धरणारं विश्लेषण, न करता छापलेले ‘लक्षणीय’ निष्कर्ष बऱ्याचदा इथेच गळतात.

सगळ्या संघटना एका पोत्यात भरणं ही दुसरी चूक. ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या असलेल्या नऊ संघटनांचे चॅप्टर बहुधा अगदी लहान असतात, त्यांचं स्वतःचं घरही क्वचितच असतं. 150 मुलांच्या हवेलीवाल्या चॅप्टरशी त्यांची बेरीज करून सरासरी काढली तर ती कोणाचीच नसते. शिवाय कॅम्पसवर एकच दक्षिण आशियाई सोरोरिटी असेल तर ‘दक्षिण आशियाई सदस्य, तिसरं वर्ष’ एवढं लिहिलं तरी ती मुलगी ओळखू येते. दहापेक्षा कमी जणांचा गट तक्त्यात वेगळा दाखवू नये.

हेझिंग बहुतेक राज्यांत गुन्हा आहे, त्यामुळे न्यायालय मुलाखती मागवू शकतं. आरोग्याशी निगडित अभ्यासासाठी राष्ट्रीय आरोग्य संस्थांकडून, म्हणजे एनआयएचकडून, गोपनीयतेचं प्रमाणपत्र मागता येतं. ते मुलाखती सुरू करण्याआधी हातात असावं. आणि पैसा राष्ट्रीय मुख्यालयाचा असेल तर निकाल प्रतिकूल आला तरी छापण्याचा हक्क संशोधकाकडे राहील, हे करारात लिहून घ्यावं. स्वतः सदस्य असणाऱ्याने तेही लेखात सांगावं. त्यात कमीपणा काही नाही, लपवण्यात आहे.

आणि पालकांना आजच काही तपासायचं असेल तर: डिसेंबर 2024 मध्ये सही झालेल्या अमेरिकी कायद्यानुसार कॉलेजांना हेझिंगच्या सिद्ध प्रकरणांचा अहवाल संकेतस्थळावर ठेवावा लागतो. संघटनेचं नाव, काय घडलं, चौकशी कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे त्यात असतं. मुलगा ज्या चॅप्टरचं नाव घेतोय ते त्यात शोधा. सापडलं तर प्रश्न विचारायला आधार मिळेल. सापडलं नाही तर वरचा 95% चा आकडा आठवा, आणि मुलाला ‘हेझिंग होतं का’ असं न विचारता, नवीन सदस्यांना आठवडाभर नेमकं काय काय करायला लावतात, ते विचारा.